तपासणाऱ्याचा रकाना

१

एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचा तुकडा कंपनीच्या गेटबाहेर गेलेला नाही. चाकणला एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत मी फायनल इन्स्पेक्शनला आहे, आणि ही गोष्ट मी कुणालाही छाती ठोकून सांगतो. लेथवरचा ज्योतीराम मला यमदूत म्हणतो. तोंडावर म्हणतो, म्हणून मला त्याचा राग येत नाही. हिरवा ठिपका म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्ती, लाल म्हणजे बाद. बाद तुकडा आम्ही नुसता डब्यात टाकत नाही, आधी तोडतो, नाहीतर तो फिरून चांगल्यांत मिसळतो. तोडायचं काम मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही.

आणखी एक नियम आहे, तो मी देवासारखा मानतो. ज्यानं बनवलं त्यानं तपासायचं नाही. जॉब कार्डावर दोन रकाने असतात, बनवणारा आणि तपासणारा. दोन्हीकडे एकाच माणसाची सही दिसली की मी अख्खा ट्रे परत पाठवतो, मग सुपरवायझर कितीही आरडाओरडा करो.

गेल्या वर्षी गच्चीवरच्या खोलीत माझा कमठा, म्हणजे धनुष्य, शेवटच्या टप्प्याला आला, तेव्हा मी त्यालाही एक कोरं कार्ड दोऱ्यानं बांधलं. निव्वळ सवय. बनवणाऱ्याच्या रकान्यात झोकात सही ठोकली, तपासणाऱ्याचा रिकामा ठेवला. वर्षाली, माझी बायको, जिन्यात उभी राहून हसली.

"अहो, घरात कोण येणार आहे तुमचा कमठा तपासायला?"

"बघू, कुणीतरी भेटेल की," मी म्हणालो.

२

कमठा म्हटलं की लोकांना जत्रेतला बांबूचा तिरकमठा आठवतो. माझा तसला नाही. मध्ये तुतीच्या लाकडाचा गाभा, पोटाकडून म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या, पाठीवरून जनावराच्या शिरांचे तंतू, आणि हे सगळं सरसानं चिकटवून वर्षभर सुकवलेलं. दोरी, म्हणजे चिल्ला, उतरवला की तो उलटा वळून बसतो. चढवायचा तर मांडीत धरून त्याला विरुद्ध बाजूला वाकवावं लागतं, आणि त्या वेळी हात सटकला तर तोंड फुटतं. माझं एकदा फुटलंय.

तीन वर्षं गेली यात. पहिला कमठा पोटात उकलला, दुसरा चिल्ला चढवताना मोडला. सरस शिजवायच्या वासानं वर्षाली दोनदा माहेरी गेली, तेही सांगून सवरून, "सरस संपला की फोन करा" म्हणून.

खरं तर मी अडकलो ते कोंडाजीतात्यांमुळे. तात्या आमच्या चिखलीचेच, वयाची ऐंशी गाठलेले, अजून तालमीत पोरांना लाठी आणि तिरंदाजी शिकवतात. दरवर्षी दसऱ्याला माळावर लांब तीर मारायची आमच्यात रीत आहे. विकतच्या फायबरच्या धनुष्यानं अडीचशे पावलांच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. एका दसऱ्याला तात्या सगळ्यांसमोर म्हणाले, "शिंगाचा कमठा आमच्या आज्याकडं हुता. साडेतीनशे पावलं जायाचा तीर. आता त्यो बनवनारा हात ऱ्हायला न्हाई."

"माझा आहे, तात्या," मी म्हणालो.

सगळा माळ माझ्याकडं बघायला लागला. बोललो ते बोललो. कमठा तयार होईल त्या दसऱ्याला माझाच कमठा, माझ्याच हातानं ओढायचा, असं ठरलं. तो पडला तर मी पडलो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि मला जास्तच माहीत होतं.

३

पहिला ठिपका दिसला तो श्रावणात, फर्स्ट शिफ्ट करून आल्यावर. संध्याकाळचे पाच वाजले असतील. शेजारच्या प्लॉटवर एक छोटं वर्कशॉप आहे, तिथली प्रेस दिवसभर दणके देते. चार सेकंदांना एक. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय झालीय की तो ऐकूच येत नाही.

कमठा भिंतीवरच्या खुंट्यांवर होता. खालच्या पात्यावर, मुठीपासून चार बोटांवर, शिंगाच्या कडेला पिवळा ठिपका. मसुरीएवढा, गोल, कडा स्वच्छ. आम्ही कंपनीत देतो तसा.

मला वाटलं, माझ्याच बाहीला रंग लागून आला असेल. थिनरनं पुसला. दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी होता.

आता मार्कर कंपनीतून बाहेर येत नाहीत, गेटवर खिसे तपासतात. घरात पिवळा रंग नाही. खोलीची किल्ली माझ्या कमरेला. वर्षाली सकाळी सातला हिंजवडीच्या कॅबमध्ये बसते आणि ट्रॅफिकनं मेहेरबानी केली तर सातला परत येते. मी हे सगळं एका कागदावर मांडलं. बेरीज काही जुळेना, म्हणून कागद फाडून टाकला आणि मोजायला व्हर्निअर घेतला.

ठिपक्याच्या जागी शिंग एका अंगाला चार दशांश मिलिमीटर जाड होतं. एवढ्यानं पातं ओढताना पीळ खातं. ही चूक माझी होती आणि ती माझ्या नजरेतून सुटली होती. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला अपमान वाटला.

काचेच्या तुकड्यानं मी ती जागा खरवडून काढली. दुसऱ्या दिवशी ठिपका नव्हता. तो आता वरच्या पात्यावर होता.

४

महिनाभर हेच चाललं. रोज एक ठिपका. रोज मी मोजायचो, आणि रोज तो बरोबर निघायचा. एकदा तर मी तासभर व्हर्निअर फिरवला, काहीच सापडेना, आणि खूश होऊन ओरडलो, "चुकलास की नाही!" मग कमठा उन्हाला धरला. ठिपक्याखाली सरसात केसाएवढा हवेचा फुगा होता.

त्या ओरडण्यानंतर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. खोलीत प्रेसचा दणका ऐकू येत नव्हता. मी दाराबाहेर पाऊल टाकलं, दणका होता. आत आलो, नव्हता. खिडकी उघडी, पंखा फिरतोय, खालून भाजीवाल्याची हाक येतेय, फक्त दणका नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा यायला लागला, जसं कुणी मध्ये उभं होतं ते बाजूला झालं.

कान वाजत असतील, मी मनाला सांगितलं. एकोणीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेल्या माणसाचे कान ते.

वर्षालीला मी काही बोललो नाही. पण ती दुधखुळी नाही.

"तुम्ही वर कुणाशी बोलता हो?" तिनं जेवताना विचारलं.

"कमठ्याशी."

"बरंय. उत्तर देत नाही तोवर बोला," ती म्हणाली आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

५

कंपनीत तपासणाऱ्याचीही परीक्षा घेतात. मुद्दाम बिघडवलेला एक तुकडा चांगल्यांत सोडून द्यायचा आणि तो पकडतो का ते बघायचं. माझी अशी परीक्षा सात वेळा झाली आणि सातही वेळा मी पास झालो. तर म्हटलं, आता याची घेऊ.

आमच्या पद्धतीत चिल्ला बोटांनी ओढत नाहीत, अंगठ्यानं ओढतात. त्यासाठी अंगठ्यात शिंगाचं कडं घालतात. अशी तीन कडी मी बनवली होती. त्यातल्या एकाला आतून सुईनं बारीक चीर पाडली, वरून मेण घासलं आणि तिन्ही टेबलावर ओळीनं ठेवली. रविवार होता. दार लावून मी खाली जाऊन चहा घेतला. पंधरा मिनिटं झाली असतील.

वर आलो तर एका कड्यावर हिरवा ठिपका होता. उरलेल्या दोन्हींवर लाल. आणि दोन्ही मधोमध मोडलेली, तुकडे नीट शेजारी शेजारी ठेवलेले. बाद तुकडा मी असाच ठेवतो.

एक माझं बिघडवलेलं. दुसरं माझ्या मते उत्तम होतं. त्याचे तुकडे मी भिंगाखाली धरले. मोडलेल्या जागेच्या शेजारी आणखी एक चीर होती, जुनी, शिंगात जन्मापासून असलेली. माझ्या अंगठ्यात ते कडं फुटलं असतं तर चिल्ल्यानं अंगठा कापून नेला असता.

मी स्टुलावर बसून राहिलो. मनात पहिला विचार आला तो हाच, की याला म्हणतात इन्स्पेक्टर. असा माणूस आमच्या लाइनला असता तर मी त्याच्या हाताखाली काम केलं असतं.

६

घटस्थापनेच्या दिवशी कमठ्याच्या मुठीवर हिरवा ठिपका आला.

मी रडलो, त्यात लाजायचं काय? तीन वर्षं. कमठा उराशी धरून मी खाली आलो आणि वर्षालीला दाखवला. चिल्ला चढवला, ओढला. दोन्ही पाती एकसारखी वाकली, सोडल्यावर आवाजही न होता जागेवर आली. ती तालमीत माझ्याबरोबर सहा वर्षं तिरंदाजी करतेय, तिला हातात घेताच कळलं.

"तुम्ही बनवलाय?" तिनं विचारलं. थट्टेत नाही, खरंच.

"मीच बनवलाय," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

कार्डावर तपासणाऱ्याचा रकाना मात्र अजून रिकामाच होता. ते मला खटकलं. काम पुरं झाल्याशिवाय सही करायची नाही, हाही आमचाच नियम. कमठा पास झाला, मग राहिलं काय?

दुसऱ्या दिवशी कंपनीत हात धुताना ते कळलं. माझ्या उजव्या अंगठ्यावर, पेराच्या आतल्या बाजूला, पिवळा ठिपका होता. साबणानं निघेना. ज्योतीराम शेजारीच हात धूत होता.

"काय भाऊ, आज स्वतःलाच रिवर्कला टाकलं का?" तो म्हणाला.

मी हसलो. संध्याकाळी तालमीत तात्यांसमोर कमठा ओढला. तात्यांनी बघितलं आणि माझा अंगठा धरला. "ह्यो लई वर येतुया. आत घे." आत घेतला. ठिपका गेला. मग तो डाव्या खांद्यावर आला, मग हनुवटीखाली. मी सुधारत गेलो. आयुष्यात मारले नाहीत इतके चांगले तीर मी त्या आठ दिवसांत मारले.

७

दसऱ्याच्या सकाळी दाढी करताना आरशात दिसलं. डाव्या मनगटावर, लाल.

दहा वर्षांपूर्वी तळवड्याच्या चौकात बाइकवरून पडलो होतो, तेव्हा तिथं हाड तडकलं होतं. जुळलं, पण थंडीत दुखतं. कमठा ज्या हातात धरायचा तो हात. दुरुस्त होण्यासारखं नाही, हे मलाही कळत होतं. मी तपासलं असतं तरी लालच दिला असता.

वर्षालीनं दारातून बघितलं.

"मनगट दुखतंय ना? नका ओढू आज. तात्यांना मी सांगते."

"गावासमोर?"

"गाव जेवायला घालतं का तुम्हाला?"

मी वर गेलो. दणका नव्हता. कार्ड हातात घेतलं. एक उपाय समोर होता. रिकाम्या रकान्यात मी स्वतः सही केली तर तपासणी तिथंच संपली असती. निदान मला तसं वाटलं. पेन उघडलं, टोक कागदाला टेकवलंही. मागं कुणीतरी थांबून बघत होतं. घाई नाही, आग्रह नाही, आपण ऑपरेटरच्या मागं उभे राहतो तसं.

पेन खिशात घातलं. एकोणीस वर्षांत जे केलं नाही ते भीतीपोटी करू? ज्यानं बनवलं त्यानं तपासायचं नाही. कमठा घेऊन मी खाली उतरलो, आणि अभिमानानं उतरलो.

८

माळावर दोनेकशे माणसं असतील. ऊन पाठीवर होतं, सावली पुढं पडलेली. तात्यांनी कमठ्याला झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले.

मी उभा राहिलो. तीर लावला, अंगठ्यानं चिल्ला घेतला, ओढायला सुरुवात केली. माणसांचा आवाज गेला. ढोल वाजवणाऱ्या पोरांचे हात हलताना दिसत होते, आवाज नव्हता. उजव्या कानामागं कुणाचा तरी श्वास होता. ते समोर बघत नव्हतं, माझे हात बघत होतं. एवढी वर्षं मी लोकांच्या मागं असा उभा राहिलो, त्यांना कसं वाटत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं.

जमिनीवर माझी सावली होती, पूर्ण ओढलेल्या कमठ्यासकट. माझ्या कोपराच्या सावलीखाली एक बोट आलं. एकच, लांब, सपाट टोकाचं. त्यानं कोपर सुतभर वर केलं. अंगाला मला काहीच लागलं नाही, पण माझं कोपर वर गेलं.

मी सोडला.

तो तीर मी मरेपर्यंत विसरणार नाही. अडीचशेच्या खुंटीवरून तो अजून चढतच होता. पलीकडची माणसं मागं पळाली, मग आणखी मागं पळाली. तीनशे अठ्ठ्याऐंशी पावलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते काहीतरी ओरडत होते, मला फक्त त्यांचं तोंड हलताना दिसत होतं.

त्याच वेळी माझं डावं मनगट दोन्ही बाजूंनी धरलं गेलं. मी तुकडा तोडताना धरतो तसंच. दोन्ही अंगठे मध्ये, बोटं खालून, घाई अजिबात नाही. मी खाली बघितलं. मनगटाभोवती कातडी आत दबलेली होती, दहा ठिकाणी.

मग आवाज परत आला. त्यात पहिला माझ्या हाडाचा होता.

९

डॉक्टर म्हणाले, जुनी चीर होती, ताणानं उकलली. होऊ शकतं. मी मान डोलावली. आता त्या हातानं मला पाण्याचा तांब्याही नीट धरता येत नाही. कंपनीत मी अजून आहे, एका हातानं गेज लावतो. ज्योतीराम यमदूत म्हणायचा बंद झालाय, ते मात्र मला आवडत नाही.

गावात मला मान आहे. माझा कमठा बघायला थेट साताऱ्याहून माणसं येतात. कार्ड अजून त्याला बांधलेलं आहे, आणि तो रकाना रिकामाच आहे.

कमठा पडून राहिला तर मरतो, कुणीतरी ओढायला हवा. म्हणून संक्रांतीपासून वर्षाली ओढते. हिंजवडीहून दमून येते, तरी रोज वीस तीर मारते. ती माझ्यापेक्षा चांगली आहे, हे मी आता मोकळेपणानं मान्य करतो. तात्या परवा म्हणाले, "पोरी, औंदाच्या दसऱ्याला तूच मार. चारशेच्या म्होरं जाशील." ती लाजली. माझी छाती फुगली.

आज सकाळी ती ओट्यापाशी डबा भरत होती. केस वर बांधलेले होते. ब्लाउजच्या बाहीखाली, उजव्या कोपरावर, पिवळा ठिपका होता.

मला कमठा करवतीनं कापता आला असता. तिला सगळं सांगता आलं असतं. मी तिच्या कोपराकडं बघत राहिलो, आणि आठवत राहिलो की ती ओढते कशी. कोपर खाली पडतं तिचं. एवढंसंच. तेवढ्यानं चारशेच्या आत राहील.

माझी नजर कुठं आहे ते बघून तिनं हात वळवला.

"हळद लागली वाटतं," ती म्हणाली.

"हळदच आहे," मी म्हणालो. "वर्षाली, ओढताना कोपर जरा वर ठेव."

तिनं पळी खाली ठेवली आणि तिथंच, रिकाम्या हातांनी, कमठा ओढून दाखवला. कोपर अगदी जागेवर होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की पुढचं काही मी बोललोच नाही.